पूर्ण दिवस म्हणजे किती तास? एका नोकरदार कुटुंबाच्या नऊ आठवड्यांच्या सुटीचा प्रकरण अभ्यास

प्रकरणाची पार्श्वभूमी

या प्रकरणातील कुटुंबात चार माणसे आहेत: एका कार्यालयाच्या लेखा विभागात काम करणारी आई, कारखान्यात फिरत्या पाळीत काम करणारे वडील, अकरा वर्षांची थोरली मुलगी आणि सहावे वर्ष पूर्ण व्हायला काही महिने बाकी असलेला धाकटा मुलगा. मुलांची आजी दुसऱ्या गावी राहते. ती हौसेने येते, परंतु गुडघ्यांच्या दुखण्यामुळे दोन्ही मुलांमागे दिवसभर धावणे तिला जमत नाही. आई आणि मी एकाच विभागात काम करत असल्याने ही सगळी जुळवाजुळव मी जवळून पाहिली, आणि तिच्यातील काही आकडेमोड तर जेवणाच्या सुटीत माझ्याच टेबलावर झाली.

शाळा चालू असताना या घराचे वेळापत्रक ताणलेले असले तरी तुटत नाही, कारण शाळा आणि शाळेनंतरचे पाळणाघर मिळून कामाचा दिवस भरून निघतो. उन्हाळ्याच्या सुटीत मात्र शाळा आणि तिला जोडलेले पाळणाघर ही दोन्ही एकाच दिवशी बंद होतात. सुटी नऊ आठवड्यांची, म्हणजे कामाचे ४५ दिवस. आईच्या कामाची वेळ ९ ते ५.३०, त्यात अर्धा तास जेवणाचा, आणि एका बाजूचा प्रवास पाऊण तासाचा. त्यामुळे घराला कुलूप लागते ८.१५ ला आणि उघडते ६.१५ ला. दिवसाचे दहा तास, आठवड्याचे पन्नास आणि सुटीचे साडेचारशे. वडिलांची पाळी दर आठवड्याला बदलते आणि तिचा तक्ता जेमतेम पंधरा दिवस आधी लागतो. सकाळच्या पाळीत ते तीन वाजता घरी येतात, दुपारच्या पाळीत मुलांना सकाळी सांभाळू शकतात; पण शिबिराची नावनोंदणी चार महिने आधी करायची असल्यामुळे त्या वेळी हा तक्ता हिशेबात धरता येत नाही. घरात दोन पालक असूनही नियोजनाच्या कागदावर एकच पालक उरतो, हे फिरत्या पाळीत काम करणाऱ्या कुटुंबांचे दुखणे बाहेरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

रजेने हे सगळे भागेल अशी आशा काही जण धरतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७० च्या सशुल्क वार्षिक रजेविषयीच्या कराराने (क्रमांक १३२) वर्षाला किमान तीन कामकाजी आठवड्यांची रजा हे प्रमाण ठरवले आहे. दोन्ही पालकांना तेवढी रजा मिळाली, दोघांनी ती पाठोपाठ घेतली आणि वर्षभरात आजारपण, पाहुणे, लग्नकार्य यांपैकी एकासाठीही एक दिवस खर्च केला नाही, तरी सहा आठवडे होतात. नऊ होत नाहीत. या प्रकरणात आईच्या हाती १२ दिवस शिल्लक होते आणि वडिलांच्या हाती ८.

मोजमापाचे एकक

फीचे आकडे ठिकाणागणिक बदलतात, त्यामुळे ते जसेच्या तसे देऊन वाचकाला काही उपयोग नाही. म्हणून या लेखात सर्व खर्च आईच्या कमाईच्या तासांत दिला आहे: एका तासाच्या कामाचे तिच्या हाती जितके पैसे पडतात, ते एक एकक. आठवड्याला तिचे ४० तास भरतात आणि सुटीच्या नऊ आठवड्यांत ३६०. हे एकक तिनेच सुचवले. फी पैशांत सांगितली की ती नुसती महाग किंवा स्वस्त वाटते. तासांत सांगितली की त्यासाठी किती वेळ खुर्चीत बसावे लागेल ते कळते, असे तिचे म्हणणे होते.

या एककाचा एक तोटा सुरुवातीलाच नोंदवायला हवा. मुलांच्या देखभालीचा खर्च आईच्या पगारातून वजा करून पाहण्याची सवय जवळपास प्रत्येक घरात असते आणि या घरातही होती. पहिल्याच संध्याकाळी वडिलांनी, अगदी चांगल्या हेतूने, तिला सुचवले की एवढा पगार शिबिरातच जाणार असेल तर बिनपगारी रजा का घेत नाहीस. तिने उलट विचारले की हा खर्च तुझ्या पगारातून वजा केला तर तुलाही तेच वाटेल का. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर फीचा तक्ता दोघांच्या एकत्रित उत्पन्नासमोर मांडला गेला. लेखातील एकक आईच्या कमाईचे आहे ते केवळ सोयीसाठी.

गेल्या वर्षीचा अनुभव

गेल्या वर्षी कुटुंबाने सर्वांत स्वस्त दिसणारा मार्ग धरला होता. सार्वजनिक मैदानावर सकाळी ९.३० ते १२.३० चालणारे एक शिबिर होते. फी दर मुलामागे आठवड्याला फक्त ४ तासांची कमाई. उरलेल्या वेळेसाठी एक सांभाळणाऱ्या बाई ठेवल्या होत्या, ज्या सकाळी येऊन मुलांना मैदानावर सोडत, दुपारी आणत आणि आई घरी येईपर्यंत थांबत. त्यांचा मोबदला तासाला ०.४ एकक. शिबिराचे पंधरा तास सोडून आठवड्याचे ३५ तास त्यांच्याकडे होते, म्हणजे १४ एकके, दोन्ही मुलांची फी ८, एकूण २२. शिबिर सहा आठवडे चालले, उरलेले तीन आठवडे मुले दिवसभर त्या बाईंकडेच होती आणि त्याचे आठवड्याला २० एकके झाले. सुटीभराचा एकूण खर्च १९२ एकके, म्हणजे तिच्या नऊ आठवड्यांच्या कमाईच्या निम्म्याहून थोडा जास्त.

कागदावर हा हिशेब वाईट नाही. बिघाड झाला तो कागदाबाहेर. दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी बाई आल्याच नाहीत. फोन पावणेनऊला आला, तोवर आई बसथांब्यावर पोहोचली होती आणि मुले खिडकीत उभी होती. त्यांच्या स्वतःच्या घरातले आजारपण होते, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. अशा प्रसंगी त्यांच्या जागी येणारे दुसरे कुणी नव्हते, एवढेच. सुटी संपेपर्यंत असे सहा दिवस झाले. सहाही दिवस आईला आयत्या वेळी बिनपगारी रजा पडली आणि ४८ एकके गेली. १९२ आणि ४८ मिळून २४०: ३६० च्या बरोबर दोन तृतीयांश. वार्षिक मूल्यमापनात तिच्या नावापुढे अनियमित उपस्थितीचा शेरा पडला, त्याची किंमत कोणत्या एककात मोजावी हे आम्हा दोघी हिशेबनीस बायकांनाही सुचले नाही.

एकाच माणसावर पूर्ण भिस्त असलेली व्यवस्था स्वस्त असली तरी ठिसूळ असते, हा या कुटुंबाचा निष्कर्ष मला पटतो. संस्थेत एक ताई आजारी पडली तर दुसरी येते, आणि पूर्ण दिवसाच्या शिबिराची फी आपण काही अंशी या बदलीसाठीच भरत असतो.

शोधाची सुरुवात: पत्रक आधी की दिनदर्शिका आधी

या वर्षी शोध सुटीच्या पाच महिने आधी सुरू झाला. बहुतेक पालक माहितीपत्रके गोळा करून सुरुवात करतात आणि ती चाळता चाळता मुलांना काय आवडेल यात रमतात. या आईने आधी एका मोठ्या कागदावर ४५ चौकोन आखले, प्रत्येक चौकोनाचे ८.१५ ते ६.१५ असे दहा भाग केले आणि कोणते भाग कोण झाकणार ते शिसपेन्सिलीने भरायला घेतले. पत्रके त्यानंतर आली. या एका क्रमामुळे पुढच्या बऱ्याच चुका टळल्या, कारण प्रत्येक पत्रकाला तिने पहिला प्रश्न विचारला तो कार्यक्रमाविषयी नव्हे तर वेळेविषयी.

शिबिर या प्रकाराचा उगम पाहिला तर वेळेची ही कुचंबणा समजते. अमेरिकेत १८६१ मध्ये फ्रेडरिक गन या शिक्षकाने आपल्या शाळेतील मुलांना पायी समुद्रकिनाऱ्यावर नेऊन तंबूत ठेवले, ते पहिले उन्हाळी शिबिर मानले जाते. मोकळी हवा, कष्ट, निसर्ग हा त्यामागचा विचार होता. आईवडिलांची कार्यालये किती वाजता सुटतात हा नव्हता. आजची शिबिरेही स्वतःला अनुभव म्हणून विकतात आणि पालक मात्र त्यांत देखभाल शोधत असतात. ‘पूर्ण दिवस’ हा शब्द या दोन अपेक्षांच्या मधोमध लोंबकळतो.

पहिल्या निवडक शिबिराचे पत्रक देखणे होते. त्यावर ठळक अक्षरांत पूर्ण दिवस असे छापले होते, आणि खाली वेळ होती ९ ते ४. सात तासांना पूर्ण दिवस म्हणणे शाळेच्या मोजमापाने बरोबर आहे, नोकरीच्या मोजमापाने नाही. फी दर मुलामागे आठवड्याला १६ एकके. सकाळी ८ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६ या वाढीव वेळेचे ५, जेवणाचे २ आणि सहलीचे २. सहल ऐच्छिक असल्याचे लिहिले होते; मात्र सहलीच्या दिवशी न जाणाऱ्या मुलांची काय सोय, असे विचारल्यावर उत्तर आले की त्या दिवशी केंद्र बंद असते. म्हणजे ऐच्छिक हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. सर्व मिळून २५, दोन मुलांचे ५०. आईची आठवड्याची कमाई ४०.

दुसरे शिबिर एका सामुदायिक केंद्राचे होते. त्याचे पत्रक म्हणजे एक साधी छायाप्रत. वेळ ८ ते ६, फी दर मुलामागे १५, तीत दुपारचे जेवण धरलेले, दुसऱ्या भावंडाला दहा टक्के सवलत. म्हणजे दोघांचे २८.५. नावनोंदणीचे प्रत्येकी २ एकके वेगळे आणि ते परत न मिळणारे. देखण्या पत्रकाचे शिबिर तासाला अर्धे एकक घेत होते, हे ०.३. गेल्या वर्षीच्या मैदानी शिबिराचा दर तासाला जेमतेम ०.२७ होता. ताशी दरावर पाहिले तर तेच सर्वांत स्वस्त ठरते, आणि त्यात फसगत अशी की ते दिवसातले तीनच तास झाकते. ताशी दर आणि झाकलेले तास हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडल्याशिवाय तुलना होत नाही.

दुपारी साडेतीनची भेट

शिबिराची सुटीपूर्व शनिवारची सत्रे चालू असताना आई दोन्ही ठिकाणी गेली. केंद्रांनी सुचवलेली वेळ सकाळी दहाची होती. ती मुद्दाम साडेतीनला गेली. सकाळी दहाला कोणतेही शिबिर छान दिसते. मुले ताजी असतात, ताई-दादांचा उत्साह शाबूत असतो आणि कागद-रंग टेबलावर मांडलेले असतात. साडेतीनला सगळेच दमलेले असतात, आणि दमलेल्या मुलांशी मोठी माणसे कशी वागतात हे पाहणे कार्यक्रमपत्रिका वाचण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

पहिल्या ठिकाणी तीस-एक मुले पडद्यासमोर बसवलेली होती आणि दोन स्वयंसेवक दाराशी मोबाइल पाहत उभे होते. दुसऱ्या ठिकाणी खोली लहान होती, भिंतीचा रंग उडालेला होता, पंखा आवाज करत होता. एका कोपऱ्यात साधारण सात वर्षांचा मुलगा हुंदके देत होता. एक ताई जमिनीवर त्याच्या शेजारी पाय पसरून बसली होती, काही न बोलता, त्याने फेकलेले खडू एकेक करून डब्यात टाकत होती. दुसरा दादा उरलेल्या मुलांचा खेळ चालवत होता. थोड्या वेळाने मुलगा स्वतःच उठून एक खडू डब्यात टाकून गेला. पाणी प्यायला निघण्याआधी दादाने मुले मोजली, परतल्यावर पुन्हा मोजली आणि दाराजवळच्या फळ्यावर आकडा लिहिला. आईने कार्यालयात येऊन मला आधी त्या फळ्याविषयी सांगितले, फीविषयी नंतर.

मुलांमागे माणसे किती, हा प्रश्न तिने आधीच तयार ठेवला होता. अमेरिकन कॅम्प असोसिएशन या संस्थेच्या मानकांनुसार दिवसाच्या शिबिरात ४ ते ५ वर्षांच्या सहा मुलांमागे, ६ ते ८ वर्षांच्या आठ मुलांमागे आणि ९ ते १४ वर्षांच्या दहा मुलांमागे किमान एक कर्मचारी असावा. हे मानक सर्वत्र बंधनकारक नाही, परंतु मोजपट्टी म्हणून ते कुठेही वापरता येते. त्याबरोबर तिने आणखी चार गोष्टी विचारल्या: प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती दिवसभर हजर असते का, एक प्रौढ आणि एक मूल बंद खोलीत एकटे राहणार नाहीत असा नियम आहे का, मुलाला न्यायला येणाऱ्याची ओळख कशी तपासतात, आणि कडक उन्हाच्या दिवशी मैदानी खेळांचे काय करतात. सामुदायिक केंद्राच्या संचालिकेने शेवटच्या प्रश्नाला वेळेनिशी उत्तर दिले: अकरानंतर सगळे आत, पुन्हा बाहेर साडेचारनंतर. दुसरीकडे ‘आम्ही काळजी घेतो’ एवढेच ऐकायला मिळाले. काळजी कशी घेतात हे ज्यांना सांगता येत नाही, तिथे मूल ठेवायला मी तरी धजावणार नाही.

सवलतीचा अर्ज

सामुदायिक केंद्रात उत्पन्नानुसार सवलत होती, पण पत्रकावर तिचा उल्लेख तळाशी एका ओळीत होता आणि अर्जाची मुदत नावनोंदणीच्या तीन आठवडे आधी संपत होती. उशिरा शोध सुरू करणाऱ्याला ही ओळ वाचायला मिळते तेव्हा तिचा उपयोग संपलेला असतो.

अर्ज भरायला आई तयार नव्हती. आपण दोघे कमावतो, सवलत आपल्यापेक्षा गरजू माणसांसाठी असते, आपण कुणाच्या तोंडचा घास तर काढत नाही ना, असे तिला वाटत होते. ही भावना खोटी नाही, परंतु ती माहितीवर आधारलेली नव्हती. मी तिला केंद्रात फोन करून एवढेच विचारायला सांगितले की सवलतीचे टप्पे कसे आहेत. उत्तर आले की उत्पन्न आणि मुलांची संख्या मिळून चार टप्पे आहेत, मधल्या टप्प्यासाठी वेगळी रक्कम राखलेली असते आणि ती दर वर्षी पुरती वापरली जात नाही, कारण मधल्या उत्पन्नाची कुटुंबे अर्जच करत नाहीत. तीन महिन्यांच्या पगारपत्रिका, मुलांच्या वयाचे दाखले आणि दोन्ही पालकांच्या सह्या, इतकाच कारभार. त्यांना २५ टक्के सवलत मंजूर झाली.

कामाच्या ठिकाणाहून किंवा करआकारणीत बालसंगोपनाच्या खर्चासाठी काही सूट मिळते का, हेही विचारून घ्यावे. नियम जागोजागी वेगळे असतात. मात्र पावतीवर संस्थेचे नाव, नोंदणी क्रमांक आणि मुलाचे नाव नसेल तर असा दावा बहुधा कुठेच टिकत नाही.

पाच मिनिटांचा प्रश्न

सामुदायिक केंद्र कार्यालयापासून पस्तीस मिनिटांवर आहे. साडेपाचला सुटले तर आई तिथे ६.०५ ला पोहोचते, आणि केंद्र सहाला बंद होते. उशिराचा आकार पंधरा मिनिटांच्या टप्प्याने, प्रत्येक टप्प्याला अर्धे एकक. पाच मिनिटे उशीर झाला तरी पूर्ण टप्पा धरतात. सहा आठवडे रोज पाच मिनिटे म्हणजे १५ एकके, आणि तीनदा उशीर झाला की लेखी सूचना. इतके सगळे जुळवल्यावर व्यवस्था पाच मिनिटांवर अडली.

तिने विभागप्रमुखांकडे सुटीपुरती ८.४५ ते ५.१५ अशी वेळ मागितली. आठला मुलांना सोडून ती ८.३५ ला कार्यालयात पोहोचणार होती आणि ५.५० ला केंद्रावर. अर्जात तिने मुलांचा उल्लेख एका वाक्यात केला आणि उरलेल्या अर्जात त्या पंधरा मिनिटांत कोणते काम कसे होईल ते लिहिले. मंजुरी दुसऱ्या दिवशी मिळाली. कार्यालयाला याची दमडीही पडली नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या कामगारांविषयीचा करार (क्रमांक १५६) १९८१ चा आहे. अशा सोयी करणे हे मेहेरबानीचे काम नाही हे त्यात केव्हाच मान्य झाले आहे, तरीही ही वेळ मागताना तिचा आवाज खाली गेला होता, हे मी समोर बसून ऐकले.

नावनोंदणीची सकाळ

नोंदणी ऑनलाइन, सकाळी आठ वाजता सुरू. आई कार्यालयाच्या जिन्यात मोबाइल घेऊन बसली होती. अर्जात लसीकरणाची नोंद, डॉक्टरांचा दाखला, ॲलर्जीची माहिती आणि आपत्कालीन संपर्कासाठी पालकांखेरीज दोन व्यक्ती मागितल्या होत्या. हे सगळे तिने आदल्या रात्री एका जागी टिपून ठेवले होते, म्हणून थोरलीचा अर्ज आठ मिनिटांत गेला. तिला दुसरा ते सातवा असे सहाही आठवडे मिळाले. पहिल्या आठवड्यात केंद्र सुरूच होत नाही, आणि शेवटचे दोन आठवडे बंद असते, कारण तिथले बहुतेक ताई-दादा महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत आणि त्यांचे वर्ग सुरू होतात.

धाकट्याच्या अर्जाला यंत्रणेने नकार दिला. केंद्रात प्रवेश सहा वर्षे पूर्ण झालेल्यांनाच, आणि वय मोजायचे ते नोंदवलेल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी. त्याचा वाढदिवस तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारी येत होता. दुसरा आणि तिसरा आठवडा त्यामुळे त्याला बंद झाला, आणि हे समजून अर्ज पुन्हा भरेपर्यंत पाचव्या आठवड्याच्या जागा संपल्या. चौथा, सहावा आणि सातवा मिळाला. पाचव्यासाठी नाव प्रतीक्षा यादीत गेले. वयाचा हा नियम पत्रकावर होता. महिनाभर प्रत्येक चौकोन तपासणाऱ्या बाईच्या नजरेतून तो निसटला, कारण घरात सगळे त्याला केव्हापासून सहा वर्षांचाच म्हणत होते.

प्रतीक्षा यादीविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ती रोज थोडी थोडी हलत नाही. उरलेली फी भरण्याची मुदत संपते तेव्हा ती एकदम हलते, कारण नाव अडकवून ठेवलेली कुटुंबे त्या वेळी माघार घेतात. आईने त्या मुदतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला आणि पाचवा आठवडा मिळाला.

प्रत्यक्ष नऊ आठवडे

पहिला आठवडा वडिलांच्या रजेत गेला. आठपैकी पाच दिवस खर्ची पडले. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात आजी आली. थोरली केंद्रावर आणि धाकटा आजीजवळ, त्यामुळे आजीला एकच मूल सांभाळायचे होते आणि ते गुडघ्यांना झेपले. चौथा ते सातवा दोघेही केंद्रावर. आठव्या आठवड्यासाठी थोरलीच्या वर्गातल्या दोन कुटुंबांशी बोलून तीन घरांनी पाच दिवस वाटून घेतले: आईने दोन दिवस रजा काढून सगळ्या मुलांना सांभाळले, दुसऱ्या घराने दोन आणि तिसऱ्याने एक. ज्याच्या घरी मुले त्याने जेवण द्यायचे आणि कुणालाही बाहेर न्यायचे झाले तर आधी तिन्ही घरांना कळवायचे, एवढे दोन नियम लिहून ठेवले होते. नववा आठवडा आईच्या रजेत. बारापैकी सात दिवस योजनेत गेले आणि पाच तिने हट्टाने राखून ठेवले. पाचव्या आठवड्यात धाकट्याला ताप आला तेव्हा त्यांतले दोन उपयोगी पडले. केंद्राने चुकलेल्या दिवसांची फी परत दिली नाही, तसे नियमातच होते.

खर्चाचा हिशेब असा: थोरलीचे दोन आठवडे ३०, दोघांचे चार आठवडे ११४, एकूण १४४; सवलतीनंतर १०८; नावनोंदणीचे ४ धरून ११२ एकके. ३६० च्या तुलनेत ही सुमारे ३१ टक्के. गेल्या वर्षी २४० गेली होती. अर्थात या वर्षीच्या हिशेबात आजीचे दोन आठवडे आणि दोघांच्या रजेचे बारा नियोजित दिवस शून्य किमतीने धरले आहेत, आणि ते खरोखर शून्य नाहीत: कुटुंबाने या उन्हाळ्यात चौघांनी मिळून एकही दिवस घालवला नाही. वडिलांची रजा आई कामावर असताना आणि आईची रजा वडील पाळीत असताना संपली. ज्यांना आजी नाही, किंवा जे पालक एकटे आहेत, त्यांना याच केंद्रात याच सवलतीतही किमान दोन आठवड्यांची आणखी फी भरावी लागली असती, आणि सहा वर्षांच्या आतल्या मुलासाठी जागा शोधण्याचा प्रश्न वेगळाच राहिला असता.

थोरलीची तक्रार चौथ्या आठवड्यात सुरू झाली. भाऊ केंद्रावर आल्यापासून ताई तिला त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगत होती. एका संध्याकाळी परतताना तिने विचारले, ‘आई, मी शिबिराला जाते की त्याला सांभाळायला?’ आईने दुसऱ्या दिवशी संचालिकेशी बोलून दोघांचे गट आणि जेवणाची वेळ वेगळी करून घेतली. तक्रार रास्त होती आणि ती ऐकायला आठवडा लागला, हे आईला खटकले.

एक प्रश्न या कुटुंबाने अजून सोडवलेला नाही. सामुदायिक केंद्र बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना घेत नाही, आणि पुढच्या सुटीपर्यंत थोरलीची बारा पूर्ण होतील. तेरा ते पंधरा वयाच्या मुलांना तिथे अर्धा दिवस मदतनीस म्हणून विनाशुल्क घेतात. बारा या वयासाठी काहीच नाही. आईने नव्या वर्षाच्या कागदावर ४५ चौकोन आखले आहेत, धाकट्याचे सहा आठवडे शिसपेन्सिलीने भरले आहेत आणि थोरलीची रांग सध्या कोरी आहे.